शाळेतील समुपदेशनाच्या नोंदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या शाळांमधले समुपदेशक, समुपदेशनाचे काम सांभाळणारे शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी समजेल. जिथे एक प्रश्न दुसऱ्याला लागून आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. समुपदेशकाने कोणकोणत्या नोंदी ठेवायच्या? सगळे एकाच वहीत लिहिले तर चालत नाही का?

नाही. एका पालकाला त्यांच्या मुलाबद्दलचे काही दाखवायची वेळ आली की समोरच्या पानावर दुसऱ्याच मुलाचे नाव असते. म्हणून निदान तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली भेट नोंदवही : तारीख, वेळ, संकेतांक, मूल स्वतः आले की कोणी पाठवले, एवढेच. भेटीचे कारण इथे लिहायचे नाही, कारण ही वही टेबलावर उघडी असते. दुसरी प्रत्येक मुलाची स्वतंत्र केस फाइल : संमतीपत्र, भेटींच्या नोंदी, बाहेर पाठवलेल्या पत्रांच्या प्रती. तिसरी संकेतांक आणि नावे जुळवणारी यादी. ती फाइलींच्या कपाटात कधीच नको. वर्गावर घेतलेल्या मार्गदर्शन तासिकांची वही आणि चाचण्यांच्या उत्तरपत्रिका हे आणखी दोन गठ्ठे; त्यांपैकी चाचण्यांबद्दल प्रश्न १८ पाहा.

यातले काहीही जनरल रजिस्टर, प्रगतिपुस्तक किंवा सरल पोर्टलवरच्या (शासनाची विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) माहितीत मिसळायचे नाही. शाळेचे दप्तर तपासणीला येणाऱ्या कोणाच्याही हाती पडते.

२. संकेतांक कसा द्यायचा?

वर्ष आणि अनुक्रम पुरे. २६-०१४ म्हणजे २०२६-२७ मध्ये आलेले चौदावे मूल. हजेरी क्रमांक, जनरल रजिस्टर क्रमांक किंवा नावाची आद्याक्षरे वापरू नका. 'आठवी ब, स. प.' हे कोणाचे, ते शिपाईसुद्धा सांगेल. तेच मूल पुढच्या वर्षी पुन्हा आले तर जुनाच क्रमांक चालू ठेवा, नाहीतर एका मुलाच्या तीन फाइली होतात आणि नेमकी जुनी गोष्ट सापडत नाही. नावांच्या यादीची एक प्रत बंद लिफाफ्यात, जोडावर सही करून, मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात ठेवा. समुपदेशक अचानक रजेवर गेला तर तिचा उपयोग होतो.

३. नोंद कधी लिहायची? मुलाशी बोलतानाच लिहिले तर चालेल का?

बोलताना लिहू लागलात की मूल पेनाकडे बघते आणि बोलणे आखडते घेते. समोर एक चिठ्ठी ठेवा, तिच्यावर फक्त तारखा, नावे आणि मुलाचे एखादे वाक्य टिपा. तासिका ३५ मिनिटांची असेल तर २५ मिनिटे मुलासाठी आणि १० मिनिटे नोंदीसाठी असे वेळापत्रकातच बसवून घ्या. सलग पाच मुले घेतली आणि शाळा सुटल्यावर लिहायला बसले की तिसऱ्याचे वाक्य चौथ्याच्या फाइलीत जाते. ही चूक नेहमीची आहे आणि तिचे परिणाम मुलाला भोगावे लागतात. नोंद पूर्ण झाली की चिठ्ठी फाडून टाका.

त्या दिवशी जमलेच नाही तर दुसऱ्या दिवशी लिहा, पण 'उशिरा केलेली नोंद' असे वर लिहून भेटीची आणि लिहिण्याची अशा दोन्ही तारखा घाला.

४. एका भेटीची नोंद किती मोठी असावी आणि तिच्यात काय असावे?

सहा ते दहा ओळी. मूल काय म्हणाले, तुम्ही काय पाहिले, काय विचारले, काय ठरले, पुढची भेट कधी. तुमचा अंदाज लिहायचाच असेल तर शेवटी 'माझा अंदाज' असे म्हणून वेगळा.

अशी नोंद आम्हाला वारंवार दाखवली जाते :

'मुलगी डिप्रेशनमध्ये आहे. घरचे वातावरण वाईट. वडील दारुडे. लक्ष वेधून घेण्यासाठी रडते.'

चार वाक्ये, आणि चारही लिहिणाऱ्याची मते. मुलगी काय बोलली ते यात कुठेच नाही. तीच भेट अशी लिहिता येते :

'२६-०१४. ७ जुलै, ११.२० ते ११.४५. तिसरी भेट, स्वतःहून आली. म्हणाली, "रात्री बाबा आले की आम्ही दिवा बंद करून झोपल्यासारखं करतो." गेल्या आठवड्यात दोन दिवस डबा आणला नाही, असे सांगितले. बोलताना दोनदा रडली, नजर खाली. मारहाण होते का, असे विचारले; "मला नाही, आईला." स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, असे विचारले, नाही म्हणाली. ठरले : आईला शुक्रवारी बोलावणे, एकटीलाच, शाळेच्या फोनवरून. हे मुलीला सांगितले, तिने होकार दिला. पुढची भेट ९ जुलै.'

'एकटीलाच' हा शब्द लिहिलेला नसेल तर कार्यालयातून कोणीतरी वडिलांच्या नंबरवर फोन लावते. डब्याची ओळही किरकोळ वाटते. पण महिनाभराने पुन्हा दोन दिवस डबा नसेल तर ती ओळच पहिली खूण ठरते. लिहून झाल्यावर एकदा वाचा : हे पान मोठी झाल्यावर ती मुलगी वाचेल, किंवा न्यायालयात कोणी मोठ्याने वाचेल, तर प्रत्येक शब्द तुम्ही आपला म्हणून सांगाल का? न सांगता येणारा शब्द काढा.

५. 'डिप्रेशन', 'एडीएचडी' (लक्ष न टिकणे, अतिचंचलता), 'स्लो लर्नर' असे शब्द लिहिता येतात का?

निदान करण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञाचा आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा आहे. शाळेतल्या समुपदेशकाने दिसलेले लिहावे : 'तीन आठवड्यांत सात दिवस गैरहजर', 'रात्री दोनपर्यंत झोप येत नाही असे सांगते', 'फळ्यावरून उतरवताना एका ओळीत चार-पाच अक्षरे गाळतो'. डॉक्टरांना याचा उपयोग जास्त होतो. पालकांनी रुग्णालयाचा कागद आणला तर 'अमुक तारखेच्या कागदानुसार' असे म्हणून त्यातले शब्द जसेच्या तसे घ्या.

६. नोंदीत चूक झाली तर?

एका रेघेने खोडा, खालचे वाचता आले पाहिजे. शेजारी बरोबर मजकूर, तारीख, सही. व्हाइटनर लावू नका, पान फाडू नका, नव्याने लिहून जुने फेकू नका. प्रकरण पोलिसांत गेले की खाडाखोडीवर आणि गळालेल्या पान क्रमांकावरच पहिले बोट ठेवले जाते.

७. पालकांची संमती केव्हा घ्यायची? आणि मुलाला काय सांगायचे?

वर्षाच्या सुरुवातीला, प्रवेशाच्या किंवा पहिल्या पालकसभेच्या वेळी, एका पानाचे संमतीपत्र मराठीत द्या. शाळेत समुपदेशन कोण करते, नोंदी कुठे राहतात, कोण पाहू शकतो, किती वर्षे ठेवतात आणि कोणत्या परिस्थितीत गोपनीयता पाळता येत नाही, हे त्यात हवे. चाचणी घ्यायची असेल किंवा मुलाबद्दल बाहेर पत्र द्यायचे असेल तर त्या त्या वेळी वेगळी सही. मूल अचानक रडत दारात आले तर संमतीपत्र नाही म्हणून परत पाठवू नका. त्या दिवशी धीर द्या, सुरक्षित आहे ना ते बघा, नोंद करा.

मुलाला पहिल्या भेटीत त्याच्या भाषेत सांगायचे : 'तू इथं जे बोलशील ते मी वर्गात किंवा घरी सांगत फिरणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे, कोणी तुला त्रास देतंय, किंवा तू कोणाला इजा करशील असं वाटलं, तर मला मोठ्या माणसांना सांगावं लागेल. कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.' हे सांगितले, अशी एक ओळ पहिल्या नोंदीत घाला. पुढच्या अनेक वादांचे मूळ ही ओळ नसण्यात असते.

८. मूल म्हणते, 'हे लिहू नका.' मग काय करायचे?

आधी कशाची भीती वाटते ते विचारा. बहुतेक वेळा मुलाला 'बाई वाचतील' किंवा 'पप्पांना दाखवाल' एवढीच धास्ती असते. फाइलींचे कपाट कुलूपबंद असते ते दाखवले की ती कमी होते. कोणाशी भांडण झाले, कोण आवडते, असा तपशील मदतीला लागत नसेल तर खुशाल गाळा. मात्र सुरक्षिततेशी संबंधित गोष्ट (प्रश्न १२ आणि १४) लिहावीच लागते. तसे मुलाला तोंडावर सांगा आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवा. 'नाही लिहीत' म्हणून मागाहून लिहिणे ही त्या मुलाची फसवणूक आहे.

९. वर्गशिक्षक विचारतात, 'काय म्हणाली ती?' त्यांना काय द्यायचे?

वर्गात काय करायचे, तेवढे. 'पुढचे दोन आठवडे तिला अचानक उभे करून वाचायला सांगू नका. बाहेर जायची परवानगी मागितली तर कारण न विचारता माझ्याकडे पाठवा.' अशी चिठ्ठी द्या आणि तिची प्रत फाइलीत ठेवा. शिक्षकांना मुलाची काळजी असते म्हणून ते विचारतात, त्यामुळे 'गोपनीय आहे' म्हणून विषय तोडू नका. त्यांनी काय पाहिले ते विचारा आणि त्यांच्या नावाने नोंदवा. स्टाफरूममध्ये मात्र एक वाक्यही नको.

१०. मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक फाइल मागतात. द्यायची का?

कपाट, कागद आणि पगार शाळेचा, म्हणून प्रत्येक पान वाचायचा हक्क आपोआप मिळत नाही. तसेच समुपदेशकालाही फाइल घरी नेता येत नाही. यावर वाद होण्याआधीच एक पानी लेखी कार्यपद्धती करून शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवा. तिच्यात असे असावे : मुख्याध्यापकांना दरमहा आकडे मिळतील. जीविताचा किंवा अत्याचाराचा प्रश्न असेल तर त्याच दिवशी आवश्यक तेवढी माहिती मिळेल. इतर वेळी फाइल हवी असेल तर लेखी कारण, समुपदेशकासमोर वाचन आणि 'फाइल कोणी पाहिली' या पानावर सही. हे पान प्रत्येक फाइलीच्या आतल्या कव्हरला चिकटवा. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना नावानिशी माहिती देण्याचे कारण सहसा नसतेच.

११. पालक म्हणतात, 'आमचे मूल आहे, सगळे दाखवा.' आईवडील वेगळे राहत असतील तर?

१८ वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत पालकांना बाजूला ठेवून चालत नाही. त्यांना समोर बसवून सांगा : मूल कशासाठी येते, किती वेळा आले, घरी काय करता येईल. लेखी मागितले तर एक पानाचा सारांश द्या. देण्यापूर्वी मुलाला सांगा आणि काय सांगू नको असे त्याला वाटते ते विचारा. भेटीच्या नोंदींची झेरॉक्स सहज देऊ नका. त्यातल्या एका वाक्यावरून घरी मार बसलेली मुले आहेत. तक्रार ज्या पालकाबद्दल आहे त्यालाच सारांश देण्याचा प्रश्न येत नाही. तिथे प्रश्न १२ प्रमाणे जा.

आईवडील विभक्त असतील तर कुटुंब न्यायालयाचा आदेश असल्यास त्याची प्रत फाइलीत ठेवा आणि ताबा कोणाकडे, भेटीचा हक्क कोणाला, ते वाचा. ऐकीव माहितीवर 'वडिलांना शाळेत येऊ देऊ नये' असे लिहू नका. दोघांनाही दिलेली माहिती एकसारखी असावी आणि प्रत्येक वेळची तारीख असावी. 'मूल कोणाकडे राहावे' याबद्दल मत मागितले जाते. ते लिहून देऊ नका. मूल्यमापन न करता दिलेले असे पत्र दुसऱ्या दिवशी वकिलाच्या फाइलीत असते.

१२. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले. नोंद कशी करायची, आणि आधी काय करायचे?

२०१२ च्या पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ नुसार, असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची शक्यता वाटली तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. 'मुख्याध्यापकांना सांगितले' एवढ्याने तुमची जबाबदारी संपत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही; संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये आहे. खरे-खोटे ठरवायला शाळेने आधी आपली चौकशी समिती बसवू नये. त्यात दिवस जातात आणि मुलावर दबाव येतो.

नोंदीबद्दल. मुलाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. अवयवाला मूल जे नाव देते तेच लिहा. त्याचे 'लैंगिक छळ' असे शुद्ध भाषांतर केले की साक्षीचे मोल जाते. तुमचे प्रश्नही लिहा. 'मग काय झालं?' हा प्रश्न चालतो. 'काकांनी हात लावला का?' हा चालत नाही, कारण त्यात उत्तर तुम्ही मुलाच्या तोंडी घालता. काळ, जागा, माणूस कोण एवढे कळले की थांबा. सविस्तर जबाब घेणे पोलिसांचे काम. मुलाला पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या शिक्षकांसमोर सांगायला लावू नका.

मग घड्याळाप्रमाणे लिहा : मुलाने किती वाजता सांगितले, तुम्ही कोणाला किती वाजता कळवले, कोणते पोलीस ठाणे, कोणते अधिकारी. कायद्यानुसार तुमच्या माहितीला नोंद क्रमांक मिळतो आणि ती लिहून वाचून दाखवली जाते. तो क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. पोलिसांनी बाल कल्याण समिती आणि विशेष न्यायालयाला २४ तासांत कळवायचे असते. मुलाला ठाण्यात न्यायची गरज नसते. कलम २४ नुसार जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. ही फाइल बाकीच्यांपासून वेगळ्या बंद लिफाफ्यात. मुलाची ओळख पटेल असे काहीही माध्यमांत जाणे हा पोक्सो कलम २३ आणि बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, म्हणून बातमीदाराचा फोन आला तर 'असे प्रकरण आहे' हेसुद्धा बोलायचे नाही.

१३. मुलगी सतरा वर्षांची आहे आणि 'आमचे प्रेम आहे' म्हणते. तरीही कळवायचे? आणि घरी लग्न ठरवले असेल तर?

पोक्सो कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नाही. शारीरिक संबंध असल्याचे कळले तर कळवण्याचे बंधन कायम राहते. हा नियम समुपदेशकाला जड जातो, कारण मुलीने विश्वासाने सांगितलेले असते. म्हणूनच प्रश्न ७ मधले वाक्य पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचे. नुसती मैत्री, पत्रे, आकर्षण यांची पोलिसांत वर्दी द्यायची नसते आणि फाइलीत त्याचा पाल्हाळही लागत नाही.

लग्न ठरले असेल (मुलगी १८ किंवा मुलगा २१ पूर्ण नसेल) तर गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात. त्यांना आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर कळवा. मुलीच्या जन्मतारखेसाठी जनरल रजिस्टरचा उतारा तयार ठेवा. माहिती कोणी दिली ते गावात फुटणार नाही अशा बेताने पत्राचा विषय लिहा. आवक-जावक रजिस्टरमध्ये 'गोपनीय' एवढेच.

१४. मूल मरण्याबद्दल बोलले तर काय लिहायचे?

सरळ विचारा आणि विचारले असे लिहा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. विचार किती दिवसांपासून, काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का (घरात कीटकनाशक कुठे ठेवतात, हा ग्रामीण भागात विचारायलाच हवा असा प्रश्न आहे), पूर्वी प्रयत्न केला होता का, या चारही गोष्टींची मुलाच्या शब्दांतली उत्तरे. नंतर काय केले ते वेळेसह : 'मूल एकटे सोडले नाही. १.१० ला मुख्याध्यापकांना सांगितले. १.२५ ला आईशी फोन. २.४० ला आई-मामा आले. औषधांचा डबा कुलपात ठेवायला आणि आजच जिल्हा रुग्णालयात दाखवायला सांगितले, पत्र दिले, आईची सही घेतली.' टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मुलालाही आणि पालकांनाही लिहून द्या. 'गंभीर वाटत नाही' असे शेरे कधीही लिहू नका. दुसऱ्या दिवशी मूल आले का, ही नोंद विसरू नये. सगळे धावपळ करतात आणि नेमकी तीच राहते.

१५. पोलीस किंवा न्यायालयाने फाइल मागितली तर?

वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याने जे संरक्षण आहे ते समुपदेशकाला नाही. लेखी आदेश (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम ९४ खाली) आला की तो पाळावा लागतो. तोंडी मागणीवर काहीही देऊ नका. आदेशात मागितले तेवढेच द्या, पानांना क्रमांक घाला, प्रत आपल्याकडे ठेवा, पोच घ्या. मूळ फाइल मागितली असेल तर प्रत्येक पानाची झेरॉक्स आधी. साक्षीला बोलावले तर फाइलीतले सांगा, फाइलीबाहेरचे तर्क नकोत.

१६. माहितीच्या अधिकारात कोणी अर्ज केला तर?

जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांना असे अर्ज येतात. 'वर्षभरात किती मुलांचे समुपदेशन झाले' हा आकडा द्यावा. मुलाची वैयक्तिक माहिती कलम ८(१)(जे) खाली नाकारता येते. उत्तर जनमाहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत, कलमासह लेखी द्यायचे असते. अर्ज कचऱ्यात टाकणे हा उपाय नाही. स्वतःच्या मुलाची माहिती मागणाऱ्या पालकाला प्रश्न ११ लागू.

१७. नोंदी मोबाइलवर किंवा ऑनलाइन शीटमध्ये ठेवल्या तर?

शाळेच्या संगणकावर, पासवर्ड असलेल्या खात्यात ठेवता येतात. स्वतःचा मोबाइल टाळा : फोटो आपोआप क्लाउडवर जातात आणि घरातली लहान मुले फोन हाताळतात. संमतीपत्राचा फोटो 'इयत्ता नववी पालक' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुकून जायला एक बोट पुरते. ऑनलाइन शीटमध्ये 'लिंक असलेला कोणीही पाहू शकेल' हा पर्याय बंद आहे ना, ते दर महिन्याला तपासा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलाची माहिती डिजिटल रूपात हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कागदावरची नोंद स्कॅन केली की तीही डिजिटल माहिती ठरते. लहान शाळेसाठी कुलूपबंद लोखंडी कपाट आणि कागद हीच पद्धत आजही जास्त भरवशाची आहे, असे आमचे मत.

१८. कलचाचणी (मुलाची आवड) आणि अभियोग्यता चाचणीचे (मुलाची क्षमता) काय जपायचे?

चाचणीचे नाव, आवृत्ती, भाषा, तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि कोणत्या गटाच्या मानकांशी तुलना केली ते. यातले काही नसेल तर दोन वर्षांनी त्या गुणांना अर्थ राहत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाने इंग्रजी पुस्तिका सोडवली असेल तर ते ठळक लिहा. शाब्दिक क्षमतेचे कमी गुण कदाचित फक्त भाषेचे असतात. पालकांना अर्थ समजावलेले पान द्या, उत्तरपत्रिका आणि गुणदानाची किल्ली नाही. बुद्ध्यंकाचा आकडा प्रगतिपुस्तकात किंवा वर्गशिक्षकांकडे जाऊ नये. मुलाच्या कपाळावर तो दहावीपर्यंत चिकटून राहतो.

१९. अध्ययन अक्षमतेचे (वाचन, लेखन किंवा गणितात येणारी विशिष्ट अडचण) प्रमाणपत्र केस फाइलीत की कार्यालयात?

प्रमाणपत्र कार्यालयात, सविस्तर अहवाल केस फाइलीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे आणि मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी शाळेला प्रस्ताव पाठवावा लागतो. त्या प्रस्तावाला प्रमाणपत्राची प्रत लागते; घरच्या इतिहासासह असलेला आठ पानी अहवाल जोडायची गरज नाही. दहावीची वाट न पाहता नववीतच कागद पूर्ण आहेत का ते बघा.

२०. सखी सावित्री समितीत आणि वार्षिक अहवालात काय सांगायचे?

शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने स्थापन झालेल्या या समितीत पालक, गावातले प्रतिनिधी आणि विद्यार्थीही असतात. तिथे नाव, इयत्ता, वाडी यांपैकी काहीही येऊ नये. 'मुलींना बसथांब्यावर त्रास होतो, तीन तक्रारी' एवढ्यावर समितीला काम करता येते.

२५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा आणि ओळख पटणार नाही अशा नोंदींवरून वार्षिक अहवाल करावा, हेही आहे. ओळख न पटणे हे नाव गाळून साधत नाही. 'आठवीतली १ मुलगी, घरगुती हिंसा' असे लिहिले की पूर्ण गावाला कळते. आकडा पाचपेक्षा लहान असेल तर इयत्ता एकत्र करा : 'इयत्ता ५ ते १०, कौटुंबिक कारणे, ११'.

२१. मूल दुसऱ्या शाळेत गेले तर फाइल पाठवायची का?

शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर ती जात नाही आणि दाखल्याच्या शेऱ्यात तिचा उल्लेखही येत नाही. पालकांनी लेखी मागितले आणि मुलालाही हवे असेल, तर नव्या शाळेच्या समुपदेशकाच्या नावाने सारांश, बंद लिफाफ्यात, पोच घेऊन.

२२. फाइली किती वर्षे ठेवायच्या आणि नंतर काय करायचे?

शालेय समुपदेशनासाठी एकच ठरलेली मुदत नाही, म्हणून शाळेने लेखी ठरवावी. मूल २१ वर्षांचे होईपर्यंत ठेवणे हा समंजस नियम : १९६३ च्या मुदत कायद्यात अज्ञान व्यक्तीला सज्ञान झाल्यावर दाव्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची सवड आहे. पोलीस किंवा न्यायालयात चालू असलेले प्रकरण मात्र संपेपर्यंत हलवायचे नाही. भेट नोंदवही आणि आकडे पुढेही ठेवता येतात, कारण त्यांत नावे नसतात. नावांच्या यादीतली ती ओळ फाइलीबरोबरच जावी.

नष्ट करताना कागद बारीक कापा किंवा जाळा, दोघांसमोर. एका वहीत संकेतांक, तारीख आणि दोन सह्या. रद्दीत अजिबात नाही. रद्दीतला कागद किराणा दुकानात पुडी बांधायला जातो, आणि ते दुकान त्याच गावात असते.

२३. आमच्याकडे समुपदेशक आठवड्यातून एकच दिवस येतात. आणि ते सोडून गेले तर?

फाइली शाळेतच राहतील, पिशवीतून चार शाळा फिरणार नाहीत. कपाटाची एक किल्ली समुपदेशकाकडे, दुसरी लिफाफ्यात मुख्याध्यापकांकडे. मधल्या दिवसांत मूल कोणाकडे जाईल त्या शिक्षकाचे नाव ठरलेले असावे. त्यांच्याजवळ एक वेगळी पातळ वही असावी आणि समुपदेशक आल्या दिवशी दोघांनी ती एकत्र वाचावी. तेच शिक्षक त्या मुलाला विषय शिकवत आणि गुण देत असतील तर मुलाला दुसऱ्या शिक्षकाचा पर्याय द्या.

सोडून जाताना चालू फाइलींची संकेतांकांची यादी करा : कोणत्या बंद झाल्या, कोणत्या चालू, कोणत्या मुलाला येत्या पंधरवड्यात भेटायलाच हवे. यादीवर देणारा, घेणारा आणि मुख्याध्यापक अशा तीन सह्या. शक्य असेल तर चालू फाइलीतल्या प्रत्येक मुलाला जाण्याआधी दोन आठवडे सांगा आणि नव्या व्यक्तीने जुनी फाइल वाचली तर चालेल का, ते विचारून उत्तर नोंदवा.